लोकमान्यांच्या तारखेला भुईनळे

स्वित्झर्लंडमध्ये येऊन मला तीन आठवडे झाले होते. रविवारची दुपार. घरात चार रिकाम्या बाटल्या साठल्या होत्या आणि रस्त्याच्या टोकाला काच टाकायचे हौद होते. हिरवी काच एका भोकात, तपकिरी दुसऱ्यात, पांढरी तिसऱ्यात, एवढा अभ्यास मी करून गेले होते. पहिली बाटली आत सोडली. खळ्ळकन आवाज झाला आणि समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. खिडकीतल्या आजीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. हौदावरच्या पाटीकडे त्यांनी नुसतं बोट केलं. पाटीवर वार आणि वेळा होत्या. त्यात रविवार नव्हता.

उरलेल्या तीन बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून तान्ह्या बाळासारख्या पोटाशी धरून मी घरी आणल्या.

या देशाचा खरा धर्म शांतता आहे, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. रात्री दहानंतर आवाज नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला गवत कापायचं यंत्र बंद. तळघरातल्या कपडे धुण्याच्या मशीनसाठी प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला, आणि रविवार कोणाचाच नाही. मी भोरची. आमच्या गल्लीत पहाटे नळाला पाणी आलं की हंड्याकळश्यांच्या आवाजाने सगळ्यांनाच कळायचं, आणि आवाज आला नाही तरच लोक काळजी करायचे.

त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये शिरले तेव्हा आधी मला वाटलं, डोळे फसले. आदल्या दिवशी जिथे जॅमच्या बरण्या होत्या तिथे बाण, फुलबाज्या, चक्रं आणि 'वुल्कान' नावाचे शंकूच्या आकाराचे मोठाले ठोकळे रचून ठेवले होते. वुल्कान म्हणजे ज्वालामुखी. म्हणजेच आपला भुईनळा. पलीकडे लाल वेष्टनात बारीक फटाक्यांच्या माळा होत्या, आपल्या लवंगीच्या सख्ख्या बहिणी. त्यांना इथल्या बोलीत 'फ्राउएनफ्युर्त्स' म्हणतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याला अर्थ विचारला तर तो कानापर्यंत लाल झाला. अर्थ आहे 'बायकांचे वारे', आणि वारे म्हणजे कुठले ते समजून घ्या. आपण निदान लवंग म्हणतो.

एक ऑगस्टला सकाळी अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक.

"आज काय आहे, माहितीये ना?"

"पुण्यतिथी," मी म्हणाले. हे उत्तर झोपेतसुद्धा येतं. १ ऑगस्ट १९२०, मुंबईतलं सरदारगृह, लोकमान्य गेले. त्याच दिवशी तिकडे वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. आमच्या शाळेत टेबलावर दोन फोटो असायचे, त्यामुळे हार कुठल्या फोटोला आधी यावरून सरांची कुजबुज व्हायची. चौथीत मी टिळकांवर भाषण केलं होतं. "शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफले मी उचलणार नाही" इथपर्यंत आले आणि पुढचं सगळं विसरले. म्हणून तेच वाक्य तीनदा म्हटलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते.

"ऑफिसला गेली नाहीस?"

"सुट्टी आहे. यांचा राष्ट्रीय दिन आहे आज."

"अरे वा! कोणाकडून मिळालं स्वातंत्र्य?"

आणि इथे मी अडले. कारण खरं उत्तर असं की कोणाकडूनच नाही. त्या दिवशी कोणी सत्ता सोडली नाही, कुठला झेंडा खाली आला नाही. तीन डोंगरी खोऱ्यांनी, उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डन यांनी, १२९१ साली एक करार केला, एवढंच. सतरा ओळींचा, लॅटिनमधला, वहीच्या पानाएवढ्या चामड्यावर लिहिलेला. तो श्वीत्स गावातल्या संग्रहालयात आहे. पुढे मी तो जाऊन पाहिला. काचेआडचा तो तुकडा बघून प्रथम मनात आलं, ग्रामपंचायतीचा ठराव असावा तसाच आहे हा. संकट आलं तर एकमेकांच्या मदतीला धावायचं. बाहेरून आलेला किंवा पैसे मोजून पद घेतलेला न्यायाधीश मानायचा नाही. खून केला तर देहदंड. जो दुसऱ्याचं घरदार आग लावून बेचिराख करेल त्याला पुन्हा कधी आपला देशबंधू समजायचं नाही. आणि हो, प्रत्येकाने आपापल्या धन्याची चाकरी नीट करावी, हेही आहेच! बंडाची भाषा औषधालाही नाही. आग लावणाऱ्याला वाळीत टाकणाऱ्या या कागदाचा वाढदिवस सगळा देश डोंगराडोंगरावर आगी लावून साजरा करतो, हे मला फारच आवडलं.

"म्हणजे तहनामा," अप्पा म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडी निराशा होती. "कोणी फासावर वगैरे?"

विल्यम टेल सांगून मी वेळ मारून नेली. बापाने पोराच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवलं, हे त्यांना पटलं. तो टेल इतिहासात सापडत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

खरी गंमत मला नंतर वाचताना कळली. त्या करारावर तारीखच नाही. 'ऑगस्ट महिन्याच्या आरंभी' एवढंच लिहिलंय. एक तारीख ही सोयीने धरलेली. आणि हा कागद शतकानुशतकं दप्तरात पडून होता, अठराव्या शतकात कोणाच्या तरी हाताला लागला. तोवर लोक मानायचे की तळ्याकाठच्या रूटलीच्या कुरणावर तिघांनी शपथ घेतली ती १३०७ साली. उरीतल्या आल्टडॉर्फ गावात टेलचा पुतळा उभा आहे तो १८९५ सालचा. त्याच्यावर कोरलेलं साल अजूनही १३०७ आहे. उरीच्या लोकांनी सरकारी सालाला असा कोरून दिलेला नकार पाहून मला पुण्याची आठवण आली.

मग १२९१ कुठून आलं? ते आलं १८९१ मध्ये. १८४७ साली हे लोक आपापसात लढले होते, कॅथलिक कॅन्टन (म्हणजे इथली राज्यं) एका बाजूला आणि बहुतेक प्रॉटेस्टंट कॅन्टन दुसऱ्या. युद्ध महिन्याभराच्या आत आटोपलं, माणसं शंभरेक मेली, म्हणजे युद्धाच्या मानाने फारच थोडी. पुढच्या वर्षी नवी राज्यघटना आली. पण हरलेल्या डोंगरी कॅथलिकांचा रुसवा चाळीस वर्षं गेला नाही. १८४८ चा उत्सव केला असता तर तो जिंकलेल्यांचा झाला असता. म्हणून सरकारने मागे, खूप मागे जाऊन असं साल शोधलं, ज्यात हरलेल्यांचे पूर्वज नायक होते. सहाशे वर्षं पूर्ण झाली म्हणून १८९१ मध्ये पहिला सोहळा झाला, १८९९ पासून दर वर्षी संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजवायची प्रथा पडली, आणि देशभर सुट्टी मात्र थेट १९९४ पासून, तीही १९९३ मध्ये जनमत घेऊन. ८३.८ टक्के लोक 'हो' म्हणाले. सुट्टीला नको म्हणणारे ते सोळा टक्के कोण असतील, या विचाराने मी अजूनही अस्वस्थ होते.

म्हणजे हा घडवलेला सण. ठरवून, कारण शोधून, सरकारी पत्रक काढून बसवलेला. 'याला काय सण म्हणायचं' असं मी मनाशी म्हटलं आणि तेवढ्यात सकाळचा अप्पांचा फोन आठवला. १८९१ च्या पुढे दोनच वर्षं गेली की १८९३ येतं. घरातला गणपती चौकात आणून बसवला, १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव भरवला, तेही ठरवूनच ना? (भाऊसाहेब रंगारींचा मान आधीचा, हे मला माहीत आहे. तो वाद पुण्याचा पुण्यात मिटू द्या.) माझ्या आजीला कोणी सांगितलं असतं की मांडवातली आरती तिच्या सासूच्या लहानपणी नव्हती, तर तिने त्या माणसाला प्रसादही दिला नसता. सण किती जुना हे विचारायला गेलं की बहुतेक घरांत पणजीपलीकडे काही हाती लागत नाही.

दुपारी बेकरीतून तो खास पाव आणला. गोल, वर सुरीने फुलीसारखा छेद दिलेला, त्यामुळे भाजताना फुलून त्याला क्रॉसाचा आकार येतो, आणि मध्ये खोवलेला टाचणीएवढा झेंडा. 'आउगुस्टवेगेन' म्हणतात. चवीला गोडसर पाव, त्यापलीकडे काही नाही. मला वाटलं होतं मध्ययुगापासून चालत आलेला असेल. बेकरीवाल्यांच्या संघटनेने तो १९५९ साली काढला. अप्पांहून धाकटा.

संध्याकाळी साडेआठला मी गावाच्या वरच्या कुरणाकडे निघाले. माझं गाव झुगच्या तळ्याच्या वर, उतारावर आहे. समोर रिगीचा डोंगर. घंटा वाजून गेल्या होत्या. घराघराच्या गॅलरीत कागदी कंदील लावलेले, लाल, त्यावर पांढरा क्रॉस, काहींवर चंद्राचा हसरा चेहरा. आपल्या आकाशकंदिलांची ही बुटकी भावंडं. आत खरी मेणबत्ती. कुरणावर लांबच लांब बाकं, बिअर, बँड, आणि माळाच्या टोकाला तो ढीग. लाकडी फळ्या, फांद्या, जुने खोके, दोन माणसांच्या उंचीएवढा. भोवती दोरी बांधलेली आणि गावातले हौशी अग्निशामक पाण्याचा पाइप घेऊन उभे. लोक सांगत होते की ढीग त्याच दिवशी पुन्हा उपसून रचलाय, कारण आधीपासून रचून ठेवला तर त्यात हेजहॉग येऊन राहतात. साळिंदराचं पिल्लू वाटावं असा तो छोटासा काटेरी प्राणी. आमच्या होळीत लाकूड कोणाचं हे विचारायची पद्धत नव्हती. शेजाऱ्याचं फाटक गेलं तरी तो बोंब मारून मोकळा व्हायचा. इथे हेजहॉगचीसुद्धा चौकशी.

जाळ पेटायच्या आधी दोन संकटं पार करायची होती. पहिलं भाषण. बोलीतलं होतं, मला पाचातला एक शब्द कळला, पण स्वर ओळखीचा होता, हाच स्वर आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला ऐकलेला. दुसरं राष्ट्रगीत. सगळ्यांच्या हातात छापील कागद. पहिलं कडवं खड्या आवाजात झालं, दुसऱ्यापासून सगळ्यांनी माना खाली घालून कागदात बघितलं, चौथ्याला नुसता बँड उरला. १९६१ पर्यंत यांचं राष्ट्रगीत चक्क इंग्लंडच्या राजाच्या राष्ट्रगीताच्या चालीवर होतं. मग हे नवीन आलं, तेही वीस वर्षं उमेदवारीवर ठेवून १९८१ मध्ये कायम केलं. घाई हा प्रकार यांना माहीतच नाही.

जेवणाचं म्हणाल तर पोरं काठ्यांना 'सेर्वेला' टोचून शेकोटीवर भाजत होती. हे आखूड जाड सॉसेज, दोन्ही टोकांना फुली मारून कापलेलं, म्हणजे जाळावर टोकं फुलासारखी उमलतात. मी खात नाही, म्हणून पाव-चीजवर भागवलं. पण सहकाऱ्याने एक गोष्ट सांगितली ती अप्पांना लगेच कळवली. या राष्ट्रीय सॉसेजची साल म्हणजे ब्राझीलच्या झेबू बैलांचं आतडं. झेबू म्हणजे आपल्यासारखे वशिंडवाले. त्यातली ब्राझीलमधली मोठी जात, नेलोर, मूळ आपल्या आंध्रातल्या ओंगोल बैलांची. २००६ मध्ये युरोपात त्या आतड्यांवर बंदी आली, आणि दोनेक वर्षांनी साठा संपत आला तेव्हा सॉसेजचं कसं होणार या चिंतेने हा सगळा शांत देश हवालदिल झाला होता. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बैलपोळ्याला हे कोणाला सांगू नकोस."

साडेनवाला अंधार पडला. पोरांची कंदिलांची रांग शाळेपासून वर चढत आली. प्रत्येकाच्या हातात काठी, काठीला कंदील, आणि मेणबत्तीने कागद पेटू नये म्हणून चालणं जपून जपून. एका पोराचा पेटलाच. त्याने तो खाली टाकला, पायाने विझवला आणि रिकामी काठी तशीच ताठ धरून चालू लागला.

मग अग्निशामकांनी ढीग पेटवला. आधी धूर, मग चरचर, मग एकदम वर गेलेला लोळ. आम्ही सगळे नकळत दोन पावलं मागे सरलो. होळीतही असंच होतं. तोंड भाजतं, पाठ गार राहते. बोंब मारायची एवढी अनावर इच्छा झाली की हात तोंडापर्यंत गेला होता. खाली घेतला.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावून तळ्याकडे बघायला सांगितलं. पलीकडच्या काठावर एक ठिपका पेटला होता. मग त्याच्या वर एक. मग रिगीच्या अंगावर. मग आणखी लांब, जिथे डोंगर आहे हेही मला दिवसा नीट कळलं नव्हतं, तिथे. मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. जुन्या काळी इथे डोंगरमाथ्यांवर पहारे असत. शत्रू आला की एका शिखरावर जाळ, तो बघून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि रात्रीतून खोरीच्या खोरी जागी होत. आजच्या आगी त्या पहाऱ्यांच्या नाती.

आणि मला एकदम राजगड दिसला. सहावीत असताना अप्पा मला गडावर घेऊन गेले होते. तिथून त्यांनी सिंहगड दाखवला. लांब, धुरकट, ओळखू यायला कष्ट पडावेत असा. सभासद बखरीत आहे, ते म्हणाले, तानाजीच्या मावळ्यांनी कोंढाणा घेतला आणि पागेच्या खणांना आग लावली. तो उजेड महाराजांनी इथून बघितला आणि म्हणाले, गड घेतला, फत्ते झाली. मी तेव्हा मान डोलावली होती. भूक लागली होती, डब्यात पोळीचा लाडू होता, तिकडे लक्ष होतं. कुठल्या तरी गडावर लागलेली आग दुसऱ्या गडावरून बघणं म्हणजे काय, हे मला त्या तळ्याकाठी उभं राहिल्यावर कळलं. इतक्या लांबून ठिपका दिसतो. माणूस दिसत नाही. गड आला हे उजेडाने सांगितलं, तानाजी पडला हे सांगायला दुसऱ्या दिवशी जासूद यावा लागला. आगीला एवढंच बोलता येतं, की आहोत. कोण आहोत, कोण उरलो, ते नाही.

तीन आठवड्यांत घरी केलेल्या प्रत्येक फोनवर मी 'मजेत आहे' म्हणत होते. तोही असाच ठिपका.

दहा वाजले. मी सवयीने घड्याळ बघितलं, आता सगळं थांबेल म्हणून. दहालाच सुरू झालं! घराघराच्या अंगणातून बाण सुटले, तळ्यावर आवाज आपटून परत आले, गुरांच्या गळ्यातल्या घंटा घाबरून वाजू लागल्या. वर्षभर बाटली खळ्ळ करू न देणाऱ्या माणसांनी सगळी बाकी एका रात्रीत वसूल केली. घरी आले तर इमारतीपुढे त्याच खिडकीतल्या आजीबाई ओणव्या होऊन वुल्कान पेटवत होत्या. एका हातात काडी, दुसरा हात पाठीवर, अगदी माझी आत्या दिवाळीत लावायची तसा. पिवळ्या ठिणग्यांचं झाड उभं राहिलं, पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलं, खाली आलं.

"आज चालतं," त्या मला म्हणाल्या. पाटीकडे बोट दाखवताना होता तोच गंभीर चेहरा.

पुढच्या वर्षांत मी या रात्रीची इतरही रूपं बघितली. २०१८ च्या उन्हाळ्यात पाऊसच पडला नाही, जंगलं कोरडी ठक्क, आणि बऱ्याच ठिकाणी आगी आणि फटाक्यांवर बंदी आली. २०२२ मध्ये पुन्हा तेच. कुत्री पलंगाखाली दडतात, गुरं बिथरतात, धूर होतो, म्हणून फटाक्यांना आवर घाला असं म्हणणाऱ्यांनी लाखावर सह्या गोळा करून २०२३ मध्ये सरकारकडे दिल्या. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मला तोंडपाठ होते. दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हेच वाद, शब्दाला शब्द, दर वर्षी होतात.

पण पहिल्या वर्षीचं मी सांगत होते. दोन ऑगस्टला सकाळी सातला कामाला निघाले तर रस्ता ओला, स्वच्छ, शांत. कालचं काही घडलंच नाही असा. फक्त आमच्या इमारतीपुढे जळकी पुठ्ठ्याची नळकांडी, बाणांच्या काड्या आणि लाल कागदाचे कपटे पडले होते, आणि आजीबाई बादली आणि चिमटा घेऊन ते वेचत होत्या. काड्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोट वगैरे काही दाखवलं नाही.

चौथीतलं भाषण ओठांवर आलं होतं. फटाके मी उडवले नाहीत. अक्षरशः एकही नाही. तारीखही कालचीच होती, फार तर एका दिवसाचा फरक. अप्पा पहिल्या रांगेत बसलेले दिसले.

मी दप्तर पायरीवर ठेवलं आणि विचारलं, पुठ्ठा कुठल्या बादलीत.